अल्कलिनिटी आठवड्यात ९.२ वरून ६.७ वर येते, अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी आणि बूड सोलवटतंय: काय चुकतंय?

समुद्रफेस

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत घरी ७५ गॅलनचा, ४ फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, खाली २० गॅलनचा सम्प (उपकरणांची जोडटाकी). दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २६० लिटर. टँकला ११ महिने झाले. आत ५ अ‍ॅक्रोपोरा, ३ मॉन्टिपोरा, एक हॅमर, दोन फेव्हिया (ही सगळी प्रवाळं) आणि ६ मासे.

पहिले सहा महिने नुसतं पाणी बदलून भागत होतं. आता भागत नाही. आकडे देतो:

तापमान २५.५ अंश, क्षारता (मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटी. पीएच सकाळी ७.७५, रात्री दिवे जाण्याआधी ७.९५. कॅल्शियम ३९०, मॅग्नेशियम ११७०. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. दर शनिवारी १५ टक्के पाणी बदलतो. नवं कालवलेलं मिठाचं पाणी ११ डीकेएच मोजतं (डीकेएच हे अल्कलिनिटीचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं एकक). बदलून झालं की बफर पावडर सम्पमध्ये टाकून अल्कलिनिटी ९.२ पर्यंत आणतो. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ती ६.७ असते. फॉस्फेट शोषायला जीएफओचा (लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) रिअ‍ॅक्टर चालू आहे, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) २४ तास. तीन आठवड्यांपूर्वी एलईडी ५५ टक्क्यांवरून ७५ वर नेले.

दोन अ‍ॅक्रोपोरांची टोकं पांढरीफटक झाली आहेत आणि एकाचं मांस बुडापासून वर सोलवटत चाललंय, आठवड्याला साधारण अर्धा सेंटिमीटर. मॉन्टिपोरा फिकट पडलाय, पण जिवंत आहे. हॅमर दुपारनंतर अर्धाच उघडतो. पावडर टाकली की सम्पमध्ये दूध सांडल्यासारखं पांढरं होतं, तासाभरात निवळतं.

डोसिंग पंप घेऊ, चुन्याची निवळी वापरू की आधी दुसरंच काही करू?

पोवळं

काहीही विकत घेण्याआधी ती पावडर बंद करा. तुमचं ६.७ चालण्यासारखं आहे, ९.२ सुद्धा चालण्यासारखं आहे. दर शनिवारी एका तासात एकावरून दुसऱ्यावर जाणं मात्र अ‍ॅक्रोपोराला सोसत नाही.

हिशेब असा. पाणी बदलल्याने तुमची अल्कलिनिटी ६.७ वरून फार तर ७.३५ होते, कारण ११ डीकेएचचं पाणी फक्त १५ टक्के आहे. उरलेले १.८५ अंश तुम्ही एका चमच्यात टाकता. २६० लिटरला १ डीकेएच म्हणजे ७.८ ग्रॅम खाण्याचा सोडा (१०० लिटरला ३ ग्रॅम, हे पाठच करून ठेवा). म्हणजे १४-१५ ग्रॅमचा मारा एका जागी. सम्पमध्ये दिसणारं ते दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावडर पडली तिथं काही क्षण अल्कलिनिटी आणि पीएच इतके चढतात की पाण्यातलं कॅल्शियम जागच्या जागी खडू होऊन बसतं. तुम्ही घातलेला सोडा आणि टँकमधलं कॅल्शियम, दोन्ही त्यात वाया जातात. तुमचं कॅल्शियम ३९० वर आलं त्याला हेही एक कारण. हीटर आणि पंपाच्या पात्यांवर खरखरीत पांढरा थर आहे का बघा. असला तर पंप पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून चालवा.

मॅग्नेशियम १३०० च्या आसपास हवं. ते कार्बोनेटच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ अडवतं, म्हणूनच समुद्राच्या पाण्यात इतकं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र विरघळून राहू शकतं. ११७० वर ही अडवणूक थोडी ढिली पडते. ही तुमची मुख्य अडचण नाही, पण दुरुस्त करा. १५० पीपीएम वाढवायला २६० लिटरला सुमारे ३२५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट लागेल. रोज ६५ ग्रॅम, दोन लिटर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून, ५ दिवस. हे दोन लिटर रोज उडालेल्या पाण्याच्या जागी भरायच्या गोड्या पाण्यातूनच वजा करा आणि शेवटी क्षारता तपासा, ती अर्ध्या पीपीटीने चढलेली सापडेल.

आता अल्कलिनिटी. आजपासून ३ दिवस रोज ७ ग्रॅम खाण्याचा सोडा: सकाळी ३.५, रात्री ३.५, प्रत्येक वेळी अर्ध्या लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, रिटर्न पंपाच्या जवळ बारीक धारेने. त्यातला जवळपास निम्मा रोजच्या खपात जाईल, निव्वळ वाढ ०.४ ते ०.५ होईल. दिवसाला यापेक्षा जास्त चढवू नका. ८ च्या आसपास आलं की सगळं थांबवा. पाणीही बदलू नका. मग तीन संध्याकाळी एकाच वेळी मोजा. रोज किती उतरलं तो तुमच्या टँकचा खप. हा आकडा हातात आला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

मोजताना काळजी घ्या, कारण ०.५ चा फरक मोजायचा आणि किटची चूकच ०.३ असली तर उपयोग नाही. हॅना चेकर (आकडा दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर काचेची कुपी आधी टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा, १० मिलि सिरिंजने मोजून घ्या, बाहेरून मऊ कापडाने पुसा (बोटांचे ठसे आकडा बदलतात), रीएजंट घातल्यावर बुडबुडे न होता उलटीपालटी करा. थेंबांचं किट असेल तर नेहमी एकाच प्रकाशात, पांढऱ्या कागदावर, आणि रंग पहिल्यांदा पूर्ण बदलून टिकला तोच थेंब धरा. कधी पहिला झाक आलेला, कधी गडद झालेला, असं नको. वेळही एकच. रात्रीपेक्षा दिवसा प्रवाळ जास्त सांगाडा बांधतात, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा आकडा एकमेकांशी ताडून चालत नाही.

खाडीकर

पोवळं यांनी सांगितलं त्यात भर घालतो, कारण टोकं पांढरी होण्यामागे दुसरी बाजूही आहे. नायट्रेट ० आणि फॉस्फेट ०.०० म्हणजे तुमचं पाणी उपाशी आहे. अशा पाण्यात अल्कलिनिटी ९ च्या वर गेली की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. तिथं सांगाडा सगळ्यात वेगाने वाढत असतो आणि मांस त्याच्या मागे पडतं. हेच ९ डीकेएच नायट्रेट १० असलेल्या टँकमध्ये सहज चालतं. त्यात तुम्ही दिवे ५५ चे ७५ केले. प्रकाश वाढला की प्रवाळाची वाढ आणि भूक दोन्ही वाढतात, आणि पाण्यात खायला काही नाही. तुमचा सोड्याचा खप वाढण्यामागेही हेच असणार.

काय करा: जीएफओ आजच बंद. 'हळूहळू कमी करा' वगैरे नको, शून्याखाली जायला जागाच उरलेली नाही. सक्रिय कोळसा चालू राहू द्या. माशांना दिवसातून दोनदा खायला घाला, गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) चाळणीत न धुता रसासकट. दिवे ६० वर आणा आणि दर आठवड्याला फार तर ३-४ टक्क्यांनी परत चढवा. पार मीटर (प्रवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारा) भाड्याने मिळत असेल तर एकदा आणाच. अ‍ॅक्रोपोराला २५० ते ३५०, मॉन्टिपोराला १५० ते २५०, हॅमर-फेव्हियाला ८० ते १५०. दिव्याच्या टक्केवारीवरून यातलं काही कळत नाही, उंची आणि लेन्सप्रमाणे आकडे पार बदलतात.

लक्ष्य धरा: नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०३ ते ०.१०. नायट्रेट खाण्याने चढलं नाही तर खाद्य दर्जाचं सोडियम नायट्रेट. २६० लिटरला १ पीपीएम म्हणजे ०.३६ ग्रॅम. दिवसाला तेवढंच. फॉस्फेट चढायला वेळ लागेल, कारण कोरडे दगड वापरून टँक लावला असेल तर ते आधी स्वतः शोषून घेतात. दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही तरी घाबरू नका आणि एकदम जास्त ओतू नका.

फॉस्फेटसाठी हॅनाचा फॉस्फरसचा चेकर असेल तर तो पीपीबीत फॉस्फरस दाखवतो. त्याला ३.०६६ ने गुणायचं. १० दिसलं तर ०.०३ पीपीएम फॉस्फेट. हा गुणाकार राहून गेला की फॉस्फेट आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच वाटतं.

वाळूवर तपकिरी, तारेसारखा चिकट थर आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसत असतील तर लगेच सांगा. उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी सूक्ष्मजीव) माजतात, आणि त्यावर पाणी आणखी स्वच्छ करत बसलं की ते आणखी माजतात.

भिंगवाली

रसायनावर बोलून झालंय, मी बुडाकडून सोलवटणाऱ्या त्या एका अ‍ॅक्रोपोराबद्दल लिहिते. टोकं जळणं आणि बूड सोलवटणं ही दोन वेगळी लक्षणं आहेत. दोन्हींचं कारण एकच असेल असं गृहीत धरू नका.

आधी हे पाहा की मांस गेलंय की रंग गेलाय. दिवे बंद करा, टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून बघा. रंग उडाला असेल तर पांढऱ्या सांगाड्यावर काचेसारखं पातळ मांस दिसतं आणि छिद्रांतून पॉलिपची टोकं बाहेर असतात. असं प्रवाळ परत येतं. मांस गेलं असेल तर सांगाडा कोरडा, चुन्यासारखा दिसतो, बारीक कप रिकामे, आणि जिवंत भागाशी एक स्पष्ट रेघ. आठवड्याभरात त्या पांढऱ्यावर हिरवट शेवाळाची लव येते.

मग त्याच रेघेच्या वर, फांदीच्या खालच्या बाजूला, जिथं थेट प्रकाश पडत नाही तिथं बघा. एकेक मिलिमीटरचे गोल फिकट ठिपके, जणू कुणी टाचणीच्या डोक्याने रंग खरवडलाय, असे असतील तर अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे. किडा स्वतः पारदर्शक, प्रवाळाच्याच रंगाचा, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. अंडी मात्र दिसतात: मेलेल्या बुडाजवळ सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचा चिकटलेला पुंजका.

खात्री करायची पद्धत: फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) काढून पांढऱ्या वाडग्यात टँकच्याच पाण्यात धरा आणि टर्की बेस्टरने (रबरी फुग्याची पिचकारी) चारी बाजूंनी जोरात पाणी मारा, मिनिटभर. किडे असतील तर लंबगोल, पातळ पापुद्र्यांसारखे वाडग्याच्या तळाला सरपटताना दिसतील.

निघाले तर कोरल डिप (प्रवाळ बुडवायचं औषधी द्रावण), बाटलीवरच्या प्रमाणात आणि वेळेत, डिपमध्ये असतानाही बेस्टर चालू. पण डिपने अंडी मरत नाहीत. म्हणून फ्रॅग प्लगवरून (तो चिकटवलेल्या चकतीवरून) कापून काढा, जुना प्लग आणि मेलेलं बूड फेकून द्या, नव्या प्लगवर लावा आणि दर ५ ते ७ दिवसांनी डिप, सलग ६ आठवडे. सगळे अ‍ॅक्रोपोरा. एक दगडाला चिकटून पसरलाय म्हणून सोडलात तर पहिल्यापासून सुरुवात.

किडे नसतील तरी तो फ्रॅग कापावा लागेल. सोलवटणारी रेघ आपोआप थांबेल म्हणून वाट बघू नका. रेघेच्या वर निदान ५-६ मिलिमीटर जिवंत मांसात बोन कटरने सरळ छेद घ्या. रेघेवरच कापलंत तर आजार तुकड्यासोबत वर जातो. कापलेलं टोक पाण्यात हलवून चिकट द्रव जाऊ द्या, कागदी रुमालाने टिपा, सायनोअ‍ॅक्रिलेटचा जेल गोंद लावून प्लगवर दाबून १० सेकंद धरा. सुपरग्लूची पातळ बाटली नको, जेलच हवा. मग मध्यम प्रवाहात, आधीपेक्षा कमी उजेडात ठेवा. दोन लहान तुकडे केलेत तर ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा.

आणि एक, हे प्रवाळाच्या नव्हे, तुमच्या जिवाबद्दल: दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणासारखे मऊ पॉलिप) असतील तर कापताना, घासताना चष्मा आणि हातमोजे घाला. तो दगड उकळू नका, त्यावर गरम पाणीही ओतू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतून घरातल्या माणसांच्या फुफ्फुसात जातं.

दर्याकाठ

पीएच ७.७५ आहे तर डोसिंग पंपापेक्षा चुन्याची निवळी का नाही? पीएच चढतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी बरोबर ज्या प्रमाणात खपतात त्याच प्रमाणात मिळतात, मागे मीठही साठत नाही. खर्च जवळजवळ शून्य.

२६० लिटरचा खप ०.५ डीकेएच धरला तर रोज १.७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड पुरतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घर कोरडं असतं, ४ लिटर तरी उडत असेल. म्हणजे टॉप-ऑफच्या (उडालेल्याच्या जागी भरायच्या) पाण्यात लिटरला ०.४३ ग्रॅम घातलं की झालं. पूर्ण संपृक्त निवळीत लिटरला १.५ ग्रॅमच्या वर मावतं, म्हणजे पुढे खप तिपटीने वाढला तरी हीच युक्ती चालेल. पानाला लावतो तो चुना हाच पदार्थ, पण तो वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. लोणच्यासाठीचा शुद्ध 'पिकलिंग लाइम' किंवा टँकसाठी विकतात तो घ्या.

पोवळं

निवळी उत्तम आहे, माझा विरोध नाही. पण दोन गोष्टी. एक, डोस बाष्पीभवनाला बांधलेला राहतो. जानेवारीत ४ लिटर उडतं, जुलैत दमट हवेत एसी बंद असला तर २ लिटर. डोस निम्म्यावर आणि खप तोच. दोन, टॉप-ऑफचा फ्लोट चिकटला तर गोड्या पाण्याबरोबर चुनाही एकदम जातो. संपृक्त निवळीचे २० लिटर २६० लिटरमध्ये पडले तर अल्कलिनिटी ९ अंशांच्या आसपास उडी मारते आणि पीएच सगळ्यांना मारतं. म्हणून निवळीची टाकी ८-१० लिटरपेक्षा मोठी ठेवू नये, आणि सेन्सर दोन असावेत. पावडर ओतताना डोळ्यांना चष्मा, पीएच १२ च्या वर आहे. टाकी झाकलेली हवी, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर पापुद्रा धरतो आणि ताकद जाते.

ज्यांनी अजून खपच मोजलेला नाही त्यांनी आधी दोन बाटल्यांवर (एकीत अल्कलिनिटीचं, दुसरीत कॅल्शियमचं द्रावण) यावं, असं माझं ठाम मत आहे. आकडा बदलला की मिलिलिटर बदलायचे, बस.

पीएचसाठी आधी फुकटचा उपाय करा. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात खिडक्या बंद असतात आणि घरातल्या माणसांचा श्वास टँकमध्येच उतरतो. टँकचं ग्लासभर पाणी बाहेर बाल्कनीत नेऊन एअर स्टोनने तासभर बुडबुडवा आणि पीएच मोजा. ८.१-८.२ झालं तर दोष घरातल्या हवेचा. मग स्किमरच्या हवेच्या नळीचं तोंड खिडकीतून बाहेर काढा. आठ-दहा फुटांपर्यंतची नळी असेल तर हवा फारशी कमी होत नाही, पुढे जाड नळी लागते.

पुणेरी_टाकी

खूप माहितीपूर्ण धागा. पुण्यात माझा १०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दोन क्लाउनफिश आणि दगड. उन्हाळ्यात चिलर लावून २६ अंशांवर राहतं, आरओ-डीआय आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ०. एक मॉन्टिपोरा ठेवता येईल का? एका ठिकाणी 'बाहेरून आलेला माल' म्हणून मिळतोय.

रापण

पुणेरी, घेऊ नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळी कडक प्रवाळं आहेत, २००१ पासून. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सागरपंखे हेही त्यात. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. 'बाहेरून आलंय' हे दुकानदाराचं तोंडी सांगणं ढाल म्हणून चालत नाही. सगळी कडक प्रवाळं साइटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्येही आहेत, म्हणजे परवान्याशिवाय सीमेपार नेताच येत नाहीत. समुद्रफेस आणि बाहेरच्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं. सुट्टीला येताना मित्रासाठी फ्रॅग किंवा शोभेचा सांगाडा सामानात टाकू नका.

किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही उचलून घरी नेऊ नये. आमच्या मालवणच्या खडकांवर पोराइटिस आहे, टर्बिनारिया आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगला जाल तेव्हा त्यांच्यावर उभं राहू नका. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवावी लागली, तीही रीतसर परवानगी घेऊनच. जिथं सरकारी प्रकल्पाला कागद लागतो तिथं आपल्या टाकीला सूट नाही.

तुमच्या टँकमध्ये मासे आणि दगड आहेत, त्यांची निगा नीट राखा. पाण्याच्या रसायनाचं या धाग्यातलं सगळं तिथंही उपयोगी आहे.

समुद्रफेस

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी आकडे घेऊन आलोय.

अल्कलिनिटी ३ दिवसांत ८.१ वर आणली आणि सगळं थांबवलं. रात्री ८ वाजताचे आकडे: ८.१, ७.६, ७.१. मॅग्नेशियम १३१०. फॉस्फेट अजून ०.०१, नायट्रेट १. पाण्याचा ग्लास बाहेर बुडबुडवला, ८.१५ झालं. स्किमरची नळी बाहेर काढली आहे, सकाळचं पीएच ७.९०. बेस्टरने पाणी मारून वाडग्यात पाहिलं, दोनदा, किडे नाहीत. तो अ‍ॅक्रोपोरा कापून तीन तुकडे केले. दोन ठीक आहेत, तिसरा पुन्हा खालून पांढरा होतोय. पंप घेतलाय, दोन चॅनेलचा. आता बाटल्यांत किती काय घालू? आणि हॅमरचं काय करू? एका डोक्याच्या कडेला सांगाड्याची धार उघडी दिसायला लागली आहे.

पोवळं

खप ०.५. उत्तम, हेच हवं होतं.

बाटली १: ७८ ग्रॅम खाण्याचा सोडा तोलून घ्या, पसरट ताटात ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला तासभर भाजा. तो सोडियम कार्बोनेट होतो, वजन ४९ ग्रॅमच्या आसपास उरतं. उरेल तो सगळा आरओ-डीआय पाण्यात घालून एकूण १ लिटर करा. अल्कलिनिटी तेवढीच राहते, पीएचला मात्र वरच्या दिशेने हात लागतो. पीएच पुढे ८.३ च्या वर जायला लागलं तर न भाजता तसाच ७८ ग्रॅम विरघळवा, लिटरभर पाण्यात तो मावतो. बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडा.

बाटली २: ६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, एकूण १ लिटर. पावडर पाण्यात घाला, पाणी पावडरीवर ओतू नका. द्रावण तापतं, म्हणून काचेची बरणी नको.

दोन्हींचे रोज ५० मिलि. त्यात ३.९ ग्रॅम सोड्याएवढी अल्कलिनिटी आणि ३.४ ग्रॅम क्लोराइड जातं, म्हणजे ०.५ डीकेएच आणि त्याच्या जोडीचं साडेतीन पीपीएम कॅल्शियम. ही जोडी ठरलेली आहे: प्रवाळ २.८ डीकेएच खातं तेव्हा २० पीपीएम कॅल्शियम खातं. म्हणून दोन्ही बाटल्यांचे मिलिलिटर सारखेच बदला. बाटली २० दिवस पुरेल.

आता तुम्ही ७.१ वर आहात, म्हणून पहिले दोन दिवस दोन्हींचे १०० मिलि द्या, मग ५०. पंपावर ५-५ मिलिचे दहा डोस लावा आणि दोन चॅनेलमध्ये निदान अर्धा तास अंतर ठेवा. नळ्यांची तोंडं सम्पमध्ये रिटर्नजवळ, एकमेकींपासून लांब आणि पाण्याच्या वर, म्हणजे तोंडाशी खडू धरणार नाही आणि पंप थांबल्यावर उलट ओढही लागणार नाही. कॅल्शियम वेगळं चढवायचं आहे, ३९० वरून ४२० ला ३० पीपीएम: २८-२९ ग्रॅम क्लोराइड, तीन दिवसांत विभागून, अल्कलिनिटीच्या डोसपासून दूर.

या पद्धतीत रोज थोडं साधं मीठ मागे उरतं. तुमच्या खपाला क्षारता महिन्याला साधारण ०.३ पीपीटीने चढते. पाणी बदलत राहाल तर फरक पडत नाही, पण रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासा, आरओ पाण्याने शून्य करून नव्हे. पाणी बदलायचं ते १५ ऐवजी दर आठवड्याला १० टक्के करा, आणि हे मीठ संपलं की ८ डीकेएचच्या आसपास मिसळणारं घ्या.

भिंगवाली

तिसरा तुकडा पुन्हा कापा, आणखी वर. कापण्याइतका उरला नसेल तर रेघेवरून, थोडं जिवंत मांस झाकलं जाईल असा जेल गोंदाचा पट्टा फिरवा. काही वेळा तिथं थांबतं. तासातासाला रेघ वर सरकताना दिसली, मांस धाग्यांनी सुटून तरंगायला लागलं तर तो तुकडा लगेच बाहेर काढा.

हॅमरला अ‍ॅक्रोपोराचा प्रवाह लागत नाही. त्याचे स्पर्शक डोलले पाहिजेत, एका बाजूला चोपून बसता कामा नयेत. वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड थेट त्याच्यावर असेल तर मांस सांगाड्याच्या धारेवर घासून मागे सरतं, तुम्ही सांगताय तसंच. जागा बदला, १०० पारच्या आसपास. शेजाऱ्यापासून १५ सेंटिमीटर तरी मोकळे ठेवा, रात्री तो लांब स्पर्शक सोडून शेजाऱ्याला डसतो. दिवे जाऊन तासभर झाला की टॉर्चने बघा, फेव्हियाही तेच करतो. आठवड्यातून दोनदा स्पर्शकांवर बारीक चिरलेलं मायसिस, प्रवाह १०-१५ मिनिटं बंद ठेवून.

उघड्या धारेवर तपकिरी, शेंबडासारखा लोळ दिसला तर तो ब्राउन जेली. प्रवाह लगेच बंद करा. लोळ फुटून बाकी डोक्यांवर उडतो, म्हणून टँकच्या आतच नळीने ओढून घ्या, बेस्टरने उडवू नका. मग ते डोकं सांध्यावर सांगाड्यातून कापून वेगळं करा आणि उरलेल्यांना टँकच्या पाण्यातला आयोडीनचा डिप द्या. वाडग्यातलं पाणी परत टँकमध्ये ओतायचं नाही.

खाडीकर

फॉस्फेट ०.०१ आहे म्हणजे दगडांनी अजून पोट भरलेलं नाही. खाणं तसंच चालू ठेवा. दिवे ६० वरच असू द्या, फॉस्फेट ०.०३ गाठेपर्यंत हात लावू नका. मॉन्टिपोराच्या कडेला रंग परत येतोय का ते आधी दिसेल, तो अ‍ॅक्रोपोराच्या आधी सावरतो.

पंपाची नळी महिन्यातून एकदा तपासा: ५० मिलि सांगून मोजपात्रात घ्या. रोलरखाली नळी चपटी होत जाते आणि ५० चे ४२ झालेले कळतही नाहीत, अल्कलिनिटी मात्र उतरायला लागते. पहिला महिना रोज रात्री ८ ला मोजा, आकडे चार दिवस ०.२ च्या आत राहिले की दिवसाआड. अ‍ॅक्रोपोरा वाढत गेले की खपही वाढेल, तेव्हा ५० चे ५५ करा, ६० करा, पण एका वेळी दहा टक्क्यांवर नाही.